डेंड्रोबियम सोनिया ऑर्किड: खालची पानं पट्ट्यापट्ट्यांनी पिवळी, नव्या कोंबाचं टोक काळं. नेमकं काय कमी पडतंय?

सोनिया_कुडाळ

कुडाळजवळ दोन गुंठ्यांत सोनियाच्या सुमारे १,२०० कुंड्या आहेत. वर यूव्ही पॉलिथिन, त्याखाली ५० टक्के शेडनेट, बाजूंना फक्त नेट. कुंडी सहा इंची. माध्यम म्हणजे नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे. माध्यमाला तीन वर्षं झाली.

पाणी विहिरीचं, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६०. कागदी पट्टीवर पीएच साधारण ६.५ दिसतो. एका आठवड्याला १९:१९:१९ (नत्र:स्फुरद:पालाश टक्के) आणि पुढच्या आठवड्याला १३:०:४५, दोन्ही लिटरला १ ग्रॅम. महिन्यातून एकदा सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी.

लक्षणं दोन. केनच्या (ऑर्किडच्या जाड उभ्या खोडाच्या) खालच्या जुन्या पानांवर लांब पिवळे पट्टे येतात. मधली शीर आणि तिच्या आजूबाजूचा भाग हिरवाच राहतो, कडा काही पानांवर लालसर होतात. दुसरं म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये फुटलेल्या नव्या कोंबांच्या वरच्या पानाचं टोक अर्धा ते एक सेंटीमीटर काळं पडलंय. काही ठिकाणी काळ्या भागाच्या खाली बारीक पिवळी रेघ आहे. यंदाचे केन मागच्या वर्षीपेक्षा चार-पाच सेंटीमीटर बुटके आहेत.

कृषी सेवा केंद्रातून सल्ला मिळाला की १९:१९:१९ दुप्पट करा आणि कॅल्शियम-बोरॉनचं टॉनिक मारा. करण्याआधी इथे विचारतोय.

---

शेडनेट_दापोली

दुप्पट करू नका. तुमच्याकडे खत कमी पडलेलं नाही, एकाच बाजूचं खत जास्त झालंय.

ऑर्किडमध्ये पहिला प्रश्न "पान कोणत्या रंगाचं झालं" हा नसून "कोणतं पान झालं" हा असतो. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतात. तुटवडा आला की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या कोंबाला देतं, म्हणून खूण खालच्या पानावर दिसते. कॅल्शियम, बोरॉन आणि लोह एकदा जिथे बसले तिथून जवळजवळ हलत नाहीत, म्हणून त्यांची खूण सगळ्यात नव्या भागावर. तुमच्याकडे खाली आणि वर अशा दोन्ही ठिकाणी खुणा आहेत. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत आणि दोन्हींचं मूळ तुमच्या पाण्याच्या आकड्यात आहे.

जुन्या पानांचं आधी घेऊ. नत्र कमी असतं तर अख्खं पान एकसारखं फिकट झालं असतं. पालाश कमी असतं तर टोक आणि कडा आधी पिवळ्या, मग करपून तपकिरी झाल्या असत्या. ऑर्किडच्या शिरा समांतर असतात, त्यामुळे शिरांमधला भाग पिवळा पडला की आंब्याच्या किंवा लिंबाच्या पानासारखी जाळी दिसत नाही, लांबट पट्टे दिसतात. मधली शीर हिरवी, पट्टे पिवळे, ऊन लागणाऱ्या कडेला लाली: हे मॅग्नेशियम.

कोंबाच्या टोकाचं काळेपण कॅल्शियमचं असावं, पण हे वाक्य मी अर्धवटच सोडतो, कारण काळं टोक तीन-चार कारणांनी येतं. एक साधी तपासणी करा. दहा कोंबांवर काळा भाग जिथे संपतो तिथे मार्करने बारीक रेघ मारा आणि तीन दिवसांनी बघा. कॅल्शियमच्या तुटवड्यातला काळा भाग कोरडा, कडक होतो आणि रेघेपाशी थांबतो किंवा फार तर एखाद मिलिमीटर सरकतो. कुजीचा रोग असेल तर भाग पाणावलेला आणि मऊ असतो, बोटाने दाबला की पाणी सुटतं, कधी वास येतो, आणि तीन दिवसांत रेघ ओलांडून खाली उतरलेला असतो. तसं असेल तर खताचा विषय बाजूला ठेवून कोंब निरोगी भागापर्यंत कापा, पाणी तोडा आणि नत्र थांबवा.

आता पाणी. जांभ्या दगडातली विहीर, टीडीएस ६०. त्यातला सगळा क्षार कॅल्शियमचा आहे असं धरलं तरी कॅल्शियम २५ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर जात नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच असेल. मॅग्नेशियम त्याच्याही खाली. १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम शून्य, मॅग्नेशियम शून्य. १३:०:४५ मध्येही तेच. तीन वर्षं झाडाला या दोन गोष्टी जवळजवळ मिळालेल्याच नाहीत. नवी रोपं रोपवाटिकेतला साठा घेऊन येतात, त्यामुळे पहिलं वर्ष दीड वर्ष काही कळत नाही.

दोन गोष्टी सांगा: मुळं कशी आहेत, आणि साधं पाणी घातल्यावर कुंडीखालून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस किती?

---

खताचा_हिशोब

दापोलीकरांचं निदान बरोबर वाटतं. त्याला आकड्यांचा आधार देतो, कारण लिटरला "१ ग्रॅम" म्हणण्याने झाडाला काय मिळालं ते कळत नाही.

पिशवीवरचं स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात छापलेलं असतं. खरं पालाश काढायला छापील आकड्याला ०.८३ ने गुणायचं, स्फुरदाला ०.४४ ने. म्हणजे १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम टाकलं की नत्र १९०, स्फुरद सुमारे ८३ आणि पालाश सुमारे १५८ पीपीएम. १३:०:४५ लिटरला १ ग्रॅम म्हणजे नत्र १३० आणि पालाश सुमारे ३७३ पीपीएम.

तुमच्या कुंडीत एका आठवड्याला १५८ आणि दुसऱ्या आठवड्याला ३७३ पीपीएम पालाश जातंय, आणि मॅग्नेशियम विहिरीतून येईल तेवढंच, फार तर ३-४ पीपीएम. मुळाच्या दारात पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकमेकांशी स्पर्धा करतात. पालाशची इतकी गर्दी असली की जे थोडंफार मॅग्नेशियम आहे तेही आत जात नाही. म्हणून दुकानाचा सल्ला ऐकून १९:१९:१९ दुप्पट केलंत तर पट्टे वाढतील.

अशा मऊ पाण्यासाठी दहा लिटरला हे प्रमाण धरा: कॅल्शियम नायट्रेट ४ ग्रॅम, १९:१९:१९ ३ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३ ग्रॅम. फुलदांडे दिसायला लागले की त्यात १३:०:४५ दीड ग्रॅम.

यातून मिळतं ते असं. कॅल्शियम नायट्रेटमध्ये नत्र १५.५ टक्के आणि कॅल्शियम सुमारे १८.८ टक्के, म्हणजे नत्र ६२ आणि कॅल्शियम ७५ पीपीएम. १९:१९:१९ मधून नत्र ५७, स्फुरद २५, पालाश ४७. मॅग्नेशियम सल्फेटमधून मॅग्नेशियम २९. एकूण नत्र १२० च्या आसपास. दीड ग्रॅम १३:०:४५ घातलं की पालाश १०० च्या वर जातं आणि पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम साधारण ४:३:१ असे बसतात. द्रावणाची ईसी (विद्युतवाहकता, क्षारांचं माप) अंदाजे १ येईल. १.२ च्या वर गेली तर वजनात चूक आहे. चमच्याने मोजू नका, सोनाराच्या काट्यासारखे छोटे डिजिटल काटे मिळतात, तो एक घ्याच.

आता जिथे बहुतेकांची चूक होते ते. कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीची खतं घट्ट द्रावणात कधीही एकत्र करायची नाहीत. कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्सम होतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून पांढरा गाळ होतो. हा गाळ बादलीच्या तळाशी बसतो, नोझल तुंबवतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. पिंपात आधी जवळजवळ सगळं पाणी भरा. वेगळ्या बादलीत कॅल्शियम नायट्रेट विरघळवून पिंपात ओता, ढवळा. मग दुसऱ्या बादलीत १९:१९:१९ आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र विरघळवून ओता. दहा मिनिटांनी पिंपातलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. स्वच्छ दिसलं तर ठीक. दुधट दिसलं तर पाण्याचा पीएच चढा आहे किंवा क्रम चुकलाय.

इतकी खटपट नको असेल तर आलटून पालटून द्या: एका आठवड्याला फक्त कॅल्शियम नायट्रेट दहा लिटरला ८ ग्रॅम, पुढच्या आठवड्याला १९:१९:१९ ६ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ६ ग्रॅम. झाडाच्या दृष्टीने फार फरक पडत नाही.

---

सोनिया_कुडाळ

मार्करची रेघ दहा कोंबांवर मारली होती. सात ठिकाणी काळं तिथेच थांबलंय. तीन ठिकाणी टोकाखेरीज पानाच्या मधेही बारीक काळे-तपकिरी ठिपके आहेत, ते वाढत नाहीत पण पसरलेले आहेत. हे तिन्ही कोंब पश्चिमेच्या शेवटच्या दोन बाकांवरचे आहेत.

मुळं: कुंडीच्या बाहेर लोंबणारी पांढरी, टणक आहेत. आतली बरीच तपकिरी, ओढली की साल निघते आणि आत दोऱ्यासारखं राहतं. सोडणाचे तुकडे बोटाने चुरले जातात.

साधं पाणी (६० टीडीएस) घातलं, खालून आलेलं ६२०. दुसऱ्या कुंडीत ५४०. पाच कुंड्या तपासल्या, ५०० च्या खाली एकही नाही.

---

शेडनेट_दापोली

पश्चिमेला सुपारी आहे का? असेल तर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारलं होतं का ते विचारून घ्या. कोळेरोगासाठी (फळं कुजण्याचा रोग) सुपारीवर १ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना, मारतात, ते उंचावरून मारलं जातं आणि वाऱ्याबरोबर नेटमधून आत येतं. डेंड्रोबियमच्या कोवळ्या कोंबाला तांबं सोसत नाही. तांब्याने झालेली इजा पानाच्या वरच्या अंगावर विखुरलेल्या ठिपक्यांची असते, जिथे थेंब पडला तिथे. कॅल्शियमचं काळेपण फक्त वाढत्या टोकाला असतं. तुमच्या त्या तीन कोंबांचं वर्णन तांब्याशी जुळतं. त्यावर उपाय काही नाही, पुढच्या वर्षी त्या आठवड्यात पश्चिमेची बाजू प्लॅस्टिकने झाका. आणि तुम्ही स्वतः कॉपर ऑक्सिक्लोराइड मारत असाल तर सोनियावर ते बंद करा.

---

सोडण_आणि_कोळसा

मूळ अडचण माध्यमात आहे असं माझं स्पष्ट मत. खालून ६२० येतंय याचा अर्थ कुंडीत तीन वर्षांचा क्षार साचलाय. वर पॉलिथिन असल्यामुळे पावसाने धुऊन निघायचीही सोय राहिली नाही. अशा कुंडीत कॅल्शियम नायट्रेट घातलं तर ते चांगल्या मुळापर्यंत पोचण्याआधी साचलेल्या पालाशच्या आणि सोडियमच्या रांगेत उभं राहील.

नारळाचं सोडण दिसायला निर्जीव असलं तरी रासायनिक दृष्ट्या ते मातीसारखं वागतं. त्याच्या अंगावर धन भार असलेले कण धरून ठेवायच्या जागा असतात. ताज्या सोडणात, विशेषतः किनाऱ्यालगतच्या नारळाच्या, या जागा पालाश आणि सोडियमने भरलेल्या असतात. तुम्ही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिलं की सोडण ते स्वतःकडे ओढून घेतं आणि बदल्यात पालाश-सोडियम पाण्यात सोडतं. म्हणजे सोडणात लावलेलं ऑर्किड पहिल्या दिवसापासून कॅल्शियमला मुकतं. सोडण नुसतं पाण्यात भिजवून चहासारखा रंग काढून टाकला की काम झालं असं बरेच जण समजतात. त्याने रंग आणि सुटे क्षार जातात, चिकटलेलं सोडियम जात नाही.

नवीन सोडण असं तयार करा. दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे. साध्या पाण्यात एक दिवस भिजवून पाणी ओतून द्यायचं, असं तीनदा. मग दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात तुकडे २४ तास बुडवून ठेवायचे, वर दगड ठेवायचा, नाहीतर तरंगतात. ते पाणी ऑर्किडला द्यायचं नाही, नारळाच्या आळ्यात ओता. त्यानंतर साध्या पाण्यात दोनदा धुवायचं. शेवटच्या धुण्याचं पाणी २५० टीडीएसच्या खाली आलं की भरायला तयार. याच पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट टाकायचा मोह टाळा, एवढ्या घट्ट द्रावणात जिप्सम बसायला लागतं. मॅग्नेशियम नंतर नेहमीच्या खतातून जाईलच.

कोंब फुटलेला असताना आणि त्याच्या बुडाशी नवी मुळं एक-दोन सेंटीमीटरची दिसत असताना कुंडी बदलायची. मुळं पाच सेंटीमीटरच्या पुढे गेली की बदलताना मोडतात आणि मोडलेल्या मुळाला फाटे फुटायला वेळ लागतो. १,२०० कुंड्या एकदम बदलणं जमणार नाही, तर ज्यांच्या सोडणाचा चुरा होतोय आणि आतली मुळं गेली आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा. जुने तुकडे मुळांना घट्ट चिकटले असतील तर ओढून काढू नका, चांगल्या मुळाबरोबर तेवढा तुकडा राहू द्या.

जुन्या विटांचे खडे धुऊन पुन्हा वापरता येतात. कोळसा मात्र नवा घ्या, तो क्षार धरून ठेवतो.

तोवर बाकीच्या कुंड्या धुऊन घ्या. एका कुंडीला तिच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी, म्हणजे सहा इंची कुंडीला चार-पाच लिटर, हळूहळू. अर्ध्या तासाने पुन्हा तेवढंच. खालचं पाणी २०० टीडीएसच्या आत आलं की थांबा आणि दोन दिवसांनी नवीन प्रमाणातलं खत सुरू करा. पुढे दर चौथं पाणी बिनखताचं आणि भरपूर द्या.

---

फॅलेनोप्सिस_नाशिक

वाचणाऱ्यांपैकी घाटावरच्या कुणीही वरचं प्रमाण जसंच्या तसं उचलू नका. ते कोकणातल्या मऊ पाण्यासाठी आहे.

इकडे काळ्या दगडातलं बोअरचं पाणी, टीडीएस ५०० ते ७०० सहज, पीएच ७.८-८, आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर. इथे कॅल्शियम पाण्यातूनच भरपूर मिळतं. इथला त्रास उलटा: नवीन पान पिवळसर-पांढरट येतं, शिरा हिरव्या राहतात, जुनी पानं चांगली हिरवीगार. ही लोहाची खूण आहे. पण लोह कमी पडतंय असं क्वचितच असतं, माध्यमाचा पीएच ७ च्या वर गेल्याने असलेलं लोह मुळाला घेता येत नाही. त्यामुळे लोहाची पुडी टाकत राहण्यापेक्षा पाणी सुधारा.

दहा लिटर पाण्यात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, अर्धा अर्धा ग्रॅम टाकत ढवळा आणि दर वेळी मीटरने पीएच बघा. ५.८ ते ६.२ च्या मधे आलं की किती ग्रॅम लागले ते लिहून ठेवा. बायकार्बोनेट जास्त असेल तर सुरुवातीला पीएच हलतच नाही आणि मग एकदम घसरतो, म्हणून शेवटचे ग्रॅम सावकाश. कागदी पट्टीवर विसंबू नका, क्षार कमी असलेल्या पाण्यात ती चुकीचं दाखवते. हे सोनिया_कुडाळ यांनाही लागू आहे.

लोहाचं निदान पक्कं करायचं असेल तर नव्या पानाच्या अर्ध्या भागावरच प्रयोग करा. चिलेटेड, म्हणजे गाळ होऊ नये म्हणून सेंद्रिय संयुगाला बांधलेलं, लोह (ईडीटीए, १२ टक्के) लिटरला अर्धा ग्रॅम, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. कापसाने मधल्या शिरेच्या एकाच बाजूला, पानाच्या वरून आणि खालून पुसा. आठवड्याने पुन्हा. दोन-तीन आठवड्यांत तो अर्धा भाग हिरवा झाला आणि दुसरा तसाच राहिला तर लोहच. मुळातून द्यायचं असेल तर चढ्या पीएचला ईडीटीए टिकत नाही, ६.५ च्या पुढे सुटायला लागतं. तिथे ईडीडीएचए रूपातलं लोह घ्या, ६ टक्क्यांचं असेल तर दहा लिटरला ०.३ ग्रॅम पुरतं. पाणी गुलाबी-लाल होतं, ते तसंच असतं.

घरात दोन-चार फॅलेनोप्सिस ऑर्किड ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर ते पाणी ऑर्किडला अजिबात नको. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घालतो. टीडीएस मीटर आधीइतकाच आकडा दाखवतो, म्हणून लोक फसतात. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल, पण मग तुम्ही थेट कोकणातल्या विहिरीवर आलात. खतातून कॅल्शियम-मॅग्नेशियम द्यावंच लागेल. बोअरचं एक भाग आणि आरओचं तीन भाग मिसळलं की बहुतेकांचं भागतं.

आणि फॅलेनोप्सिसच्या सगळ्यात खालच्या पानावर फुलदांडा वाढत असताना जांभळट डाग येऊन पान पिवळं पडायला लागलं तर पालाश तपासा, तिथे पालाश खरोखर कमी पडलेलं असू शकतं. वर्षातून एखादं तळाचं पान एकसारखं पिवळं होऊन गळणं हे मात्र वय, आजार नव्हे.

---

पानाची_पाठ

एक तपासणी राहिली. पिवळं पान उलटं करून बघा. वरून पिवळा डाग आणि त्याच जागी खालून काजळी फासल्यासारखा काळा थर दिसला तर ती स्यूडोसर्कोस्पोरा बुरशी आहे. डेंड्रोबियमला ती दमट हवेत हमखास येते, जुन्या पानांपासून सुरू होते आणि लांबून बघणाऱ्याला मॅग्नेशियमची कमतरताच वाटते. फरक असा की बुरशीचे डाग वेडेवाकडे, एका पानावर तीन, दुसऱ्यावर दहा. अन्नद्रव्याची खूण पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांवर बरीचशी सारखी येते आणि एकाच वयाच्या पानांवर बाकभर दिसते.

तसंच पाठीमागे चंदेरी, घासल्यासारखी चमक असेल तर कोळी, म्हणजे माइट कीड. पांढरा कागद खाली धरून पान झटका, सरकणारे ठिपके दिसतील. आणि नव्या पानावर तुटक फिक्या रेघा, काही ठिकाणी खड्डे, असं एखाद्याच झाडावर असेल तर विषाणूचा संशय धरा. सिम्बिडियम मोझॅक विषाणू फुलं कापायच्या कात्रीने झाडाझाडावर फिरतो. त्याला खत नाही, औषध नाही. झाड वेगळं करा आणि कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा.

---

खताचा_हिशोब

टॉनिकबद्दल राहिलं होतं. कॅल्शियमची फवारणी जुन्या पानावर पडली तर जुन्या पानातच राहते, नव्या टोकाला जात नाही. फवारायचंच असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, थेट नव्या कोंबावर, सकाळी लवकर, म्हणजे कोंबाच्या बेचक्यात पाणी साचून राहणार नाही. खरा पुरवठा मुळातूनच. बोरॉन तर अंदाजाने मारूच नका. गरज आणि विषबाधा यांच्यात अंतर फार थोडं आहे, जास्त झालं की जुन्या पानांची टोकं करपतात आणि तुम्ही पुन्हा इथे नवा धागा काढाल. तुमच्या महिन्याच्या सूक्ष्म अन्नद्रव्यात बोरॉन आहेच.

मॅग्नेशियमची फवारणी मात्र उपयोगी पडते, कारण ते झाडात फिरतं. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा, पानाच्या पाठीवर नीट पोचेल असं.

---

शेडनेट_दापोली

फवारणीपेक्षा हवा जास्त महत्त्वाची. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं. पानातून बाष्प बाहेर पडलं तर खालून पाणी ओढलं जातं आणि कॅल्शियम टोकाला पोचतं. जाड पानांची ऑर्किडं रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, आणि जुलै-ऑगस्टमधली कोकणातली रात्र म्हणजे हवा पाण्याने भरलेली. बाष्प बाहेर पडत नाही, कॅल्शियम चढत नाही, आणि नेमका तेव्हाच कोंब सगळ्यात वेगाने वाढत असतो. म्हणून खतात कॅल्शियम असूनही पावसाळ्यात काळी टोकं येतात. पुढच्या पावसाळ्यात पॉलिथिन आणि नेटच्या मधे फूटभर तरी मोकळी जागा ठेवा, बाकांची उंची वाढवा आणि रात्री पंखे चालू ठेवा. कोंब वेगाने वाढत असताना नत्र आवरतं घ्या. युरियाने फुगवलेला कोंब टोकाला कॅल्शियम पुरवू शकत नाही.

---

सोडण_आणि_कोळसा

युरियावरून एक दुरुस्ती. ऑर्किडची मुळं युरिया घेऊच शकत नाहीत असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही, फॅलेनोप्सिसच्या मुळांनी तो थेट शोषल्याचं प्रयोगांत दिसलंय. पण सगळं नत्र युरिया आणि अमोनियम रूपात असू नये. १९:१९:१९ च्या पिशवीवर मागे नत्राची फोड छापलेली असते, त्यात युरियाचा वाटा मोठा असतो. वरच्या प्रमाणात निम्मं नत्र कॅल्शियम नायट्रेटमधून, म्हणजे जवळजवळ सगळं नायट्रेट रूपात येतं, त्यामुळे तोल आपोआप साधतो. अमोनियम जास्त झालं तर तेही मुळापाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतं.

---

सोनिया_कुडाळ

सगळ्यांचे आभार. सुपारीवर जुलैत बोर्डो मारलं होतं, विचारून घेतलं. पानांच्या पाठीवर काळं काही नाही. या आठवड्यात सगळ्या कुंड्या धुतो आणि चुरा झालेल्या साधारण २०० कुंड्यांचं सोडण बदलतो. नवी मुळं आत्ता दीड सेंटीमीटरची आहेत.

दोन प्रश्न: १,२०० कुंड्यांना किती द्रावण लागेल, आणि सुधारणा झाली हे कशावरून ओळखायचं?

---

खताचा_हिशोब

कुंडीला २५० मिली धरा, म्हणजे ३०० लिटर. त्याला कॅल्शियम नायट्रेट १२० ग्रॅम, १९:१९:१९ ९० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ९० ग्रॅम. सोडण बदललेल्या २०० कुंड्यांना पहिले तीन आठवडे निम्म्या ताकदीचं. कोरड्या मुळांवर खत घालू नका, आधी साधं पाणी, तासाभराने खत.

कॅल्शियम नायट्रेटची पिशवी उघडली की ते हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणात दोन दिवसांत चिखल होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलं झालेलं मोजून घेतलं तरी खत कमी भरतं, कारण वजनात पाणी धरलं जातं.

---

शेडनेट_दापोली

पिवळे पट्टे पूर्ण जाणार नाहीत, त्या पानांकडे बघून निर्णय घेऊ नका. काळं झालेलं टोक कधीच हिरवं होत नाही. ते कापूही नका, कोरडं आहे तोवर त्याने काही बिघडत नाही.

बघायचं ते मुळाचं टोक. दोन-तीन आठवड्यांत बाहेरच्या पांढऱ्या मुळांना हिरवं, चकचकीत टोक फुटलं आणि ते पाच मिलिमीटरपेक्षा लांब राहिलं तर मूळ चालू झालंय. त्यानंतर पट्टे वरच्या पानांवर चढायचे थांबतात का ते बघा. दहा झाडांना दोरा बांधा आणि कितव्या पानापर्यंत पट्टे आहेत ते लिहून ठेवा. कॅल्शियमची खात्री मात्र पुढच्या कोंबावरच होईल. तो चार पानांचा झाला आणि टोक स्वच्छ राहिलं तर ठीक.

आणि महिन्यातून एकदा त्याच पाच कुंड्यांखालचा टीडीएस मोजा. खत देता त्या द्रावणाच्या दीडपटीच्या वर गेला की धुवायची वेळ झाली.